आधी नाडी, मग गुडघा

सांधा बदलल्यानंतर घरी आलेल्या पेशंटकडे फिजिओथेरपीसाठी गेलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आज गुडघा किती वाकेल?" प्रश्न रास्त आहे. ऑपरेशनवर पैसे खर्च झालेले असतात, माणूस खोलीत अडकलेला असतो. पण मला त्याआधी दुसराच प्रश्न सोडवायचा असतो. आज या माणसाला व्यायाम द्यायचा की नाही?

कोपरखैरण्यातले एक काका मला नेहमी आठवतात. सिडकोची जुनी इमारत, लिफ्ट नाही, घर वरच्या मजल्यावर. मधुमेह, रक्तदाब आणि नुकताच बदललेला उजवा गुडघा. त्या दिवशी काकू तेल कोमट करूनच बसल्या होत्या. "मॅडम, रात्रभर पोटरी ठणकतेय त्यांची. आधी जरा चोळून द्या." मुलाला मात्र गुडघा 90 अंशांपर्यंत वाकवण्याची घाई होती.

या ऑपरेशननंतर पायाला थोडी सूज असतेच, आणि फसगत होते ती तिथेच. म्हणून मी पहिल्या भेटीपासून दोन्ही पोटऱ्या टेपने मोजून वहीत लिहून ठेवते. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली. त्या दिवशी दोन्ही पायांतला फरक 3 सेंटिमीटरच्या वर गेला होता. बोटाने दाबलं की खळगा राहत होता, आणि खोल शिरेच्या रेषेवर हात लावू देत नव्हते. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का पाहण्याची जुनी तपासणी आहे. तिच्यावर मी विसंबत नाही, कारण खोल शिरेत रक्ताची गुठळी असूनही ती निर्दोष येऊ शकते.

मी तेलाची वाटी बाजूला ठेवायला सांगितली आणि सर्जनना फोन लावला. त्यांनी लगेच पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी सांगितली. जिना उतरून चालत न्यायचं नाही, खुर्चीत बसवूनच खाली न्यायचं, यावर मी अडून बसले. खोल शिरेतली गुठळी सुटली तर थेट फुप्फुसात जाऊन अडकते आणि माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. डॉपलरमध्ये गुठळी निघाली.

पुढचा भाग कुणी सांगत नाही. रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली, सर्जननी चालायला परवानगी दिली, आणि आता घरचेच घाबरले. "पलंगावरून उठवू नका" म्हणू लागले. औषधाचा पुरेसा डोस शरीरात पोहोचल्यावर पेशंटला झोपवून ठेवण्यात फायदा नसतो. उलट छाती भरते, ताकद जाते. थांबवणं जसं विचारपूर्वक, तसंच पुन्हा सुरू करणंही. दोन्ही वेळा डॉक्टरांशी बोलूनच.

घरच्यांनी फिजिओसमोर गोळ्यांची पिशवी रिकामी करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल अशी 'लॉल'ने संपणारी गोळी चालू असेल तर श्रमाने नाडी हवी तेवढी वाढत नाही. नाडी शांत, म्हणजे झेपतंय, असं धरून चालत नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते पाहावं लागतं. शिवाय साखर उतरताना होणारी थरथर आणि धडधड ही गोळी झाकून टाकते. घाम मात्र सुटतो. इन्सुलिन घेणाऱ्या अशा पेशंटला व्यायामात अचानक घाम फुटला तर 'दमले असतील' म्हणू नका, साखर तपासा. 70च्या खाली असेल तर व्यायाम बंद, 15 ग्रॅम ग्लुकोज, आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

मधुमेह जुना असला की हृदयविकाराचा झटकासुद्धा छातीत न दुखता येऊ शकतो. नुसती धाप, मळमळ, न समजणारा थकवा. तळपाय बधिर असतील तर शेकाची पिशवी भाजते आणि पेशंटला कळतही नाही.

नवख्या फिजिओंना एवढंच सांगेन की पहिल्यांदा उभं करण्याआधी आडव्या स्थितीत बीपी घ्या, उभं केल्यावर 3 मिनिटांच्या आत पुन्हा घ्या. वरचा आकडा 20ने उतरला तर चालण्याचा बेत तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवा. डायलिसिसचा फिस्टुला असलेल्या हाताला पट्टा बांधू नका. आणि काय पाहिलं, का थांबलात, ते वेळेसकट लिहा.

पेशंट पुष्कळदा चक्कर आल्याचं लपवतात, आजचा दिवस फुकट जाईल म्हणून. आपल्याकडे भेटींचं पॅकेज आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे व्यायाम न देता परतणं फिजिओलाही जड जातं. म्हणून मी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करते: तपासून थांबवलेली भेट ही पूर्ण भेट धरली जाईल. त्या दिवशी मी कदाचित गुडघ्याला हातही लावणार नाही, हे घरातल्या प्रत्येकाने ऐकलेलं बरं.