ग्रेहाउंड घरी आणताना

इंग्लंडात येऊन मुलं शाळेत रुळली, की बहुतेक मराठी घरांत एक मागणी सुरू होते: आपण कुत्रा आणू या. पिल्लू विकत घेण्याआधी एकदा निवारा केंद्रात जाऊन या, असं इथं जुनी झालेली आम्ही सगळी कुटुंबं आग्रहानं सांगतो. बॅटर्सी 1860 मध्ये सुरू झालं, डॉग्ज ट्रस्ट 1891 मध्ये. आरएसपीसीए आणि ब्लू क्रॉसही आहेत. आमच्यापैकी बऱ्याच जणांकडे शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड आहेत. त्यांना घरं शोधून देणारा ग्रेहाउंड ट्रस्ट 1975 पासून काम करतो. खाली लिहिलेलं बरंचसं ग्रेहाउंडच्या अनुभवातून आलंय, पण त्यातलं पुष्कळसं कुठल्याही दत्तक कुत्र्याला लागू पडेल.

घर भाड्याचं असेल तर आधी घरमालकाची लेखी परवानगी मिळवा. इंग्लंडमधल्या नव्या कायद्यानुसार 1 मे 2026 पासून भाडेकरूला अशी परवानगी मागण्याचा हक्क आहे. मालकानं साधारणपणे 28 दिवसांत उत्तर द्यायचं आणि सबळ कारण नसताना नाही म्हणायचं नाही. मात्र फ्लॅटच्या मूळ करारातच प्राण्यांना मनाई असेल तर तो नकार टिकतो. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत.

अर्ज केल्यावर केंद्राची माणसं बहुधा तुमचं घर बघतात. कुंपण किती उंच, फटी कुठं, फाटक नीट लागतं का, हे तपासतात आणि कुत्रा रोज किती वेळ एकटा राहील ते विचारतात. खरं तेच सांगा. प्रौढ कुत्र्यालाही सलग चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये, असा आरएसपीसीएचा सल्ला आहे. घरातली दोघंही दिवसभर ऑफिसात असतील, तर दुपारी येऊन कुत्र्याला फिरवणारं माणूस आधी ठरवा आणि मग अर्ज करा. त्यासाठी केंद्रानं तुम्हाला थांबवलं, तर ते योग्यच आहे.

आता ग्रेहाउंडविषयी. त्याचं सगळं आयुष्य केनेलमध्ये, बहुधा दुसऱ्या एका कुत्र्याच्या सोबतीनं गेलेलं असतं. घर म्हणजे काय, हे त्याला माहीतच नसतं. जिना त्यानं कधी चढलेला नसतो, काचेचं दार त्याला दिसत नाही, गुळगुळीत लाकडी जमिनीवर त्याचे पाय घसरतात. वॉशिंग मशीन, टीव्ही, कुकरची शिट्टी, देवघरातली घंटा हे सगळं त्याला नवं असतं. म्हणून तो येण्याआधी जमिनीवर सतरंज्या टाका, काचेच्या दारांवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला कागदाच्या पट्ट्या चिकटवा आणि घराच्या शांत कोपऱ्यात जाड, मऊ अंथरूण घाला. त्याच्या अंगावर चरबी थोडी आणि कातडी पातळ असते, त्यामुळे कडक जमीन त्याला सोसत नाही. हिवाळ्यात बाहेर नेताना अंगावर कोट लागतोच.

सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते पुढचं. आपल्याकडे घरात कुणी नवं आलं की सगळे भेटायला येतात. मंडळातली चार कुटुंबं मुलाबाळांसकट कुत्रा बघायला येऊ म्हणतात आणि त्यामागं प्रेमच असतं. पण त्या कुत्र्याला त्या दिवसांत माणसांपेक्षा शांतता हवी असते. पहिले दोन-तीन आठवडे कुणालाही बोलावू नका. घरच्यांनीही त्याच्याभोवती घोळका करू नये. तो कोपऱ्यातून उठला नाही, जेवला नाही, तर काळजीनं मागं लागू नका. पाणी जवळ ठेवा, वेळच्या वेळी बाहेर न्या, बाकी त्याला त्याच्या मर्जीवर सोडा. केंद्रातली माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशेब सांगतात: आधी भांबावलेपण जातं, मग घरातल्या वेळा कळू लागतात, मग तो घरचा होतो. एखाद्याला वर्षही लागतं. उतावळेपणा केला की हा काळ लांबतो, हे आम्ही अनेक घरांत पाहिलंय.

मुलांना एक नियम पहिल्याच दिवशी शिकवा आणि तो कधीही मोडू देऊ नका: झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. ग्रेहाउंड कधीकधी उघड्या डोळ्यांनी झोपतो आणि झोपेत कुणी स्पर्श केलेला त्याला ठाऊक नसतो. दचकून तो गुरगुरू शकतो, चावूही शकतो. त्याला दुरूनच नावानं हाक मारून उठवायचं. तो जेवत असताना त्याच्या ताटलीकडेही फिरकायचं नाही.

एकटं राहायला त्याला हळूहळू शिकवावं लागतं. आधी नुसतं दुसऱ्या खोलीत जाऊन या, मग दाराबाहेर, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. बाहेर मात्र पट्टा सोडायचा नाही. तो ताशी साठ किलोमीटरच्या पुढे धावतो. ससा, मांजर किंवा लहानसं झुबकेदार कुत्रं दिसलं, की तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. मायक्रोचिपवर तुमचं नाव आणि पत्ता नोंदवून घ्या. सार्वजनिक जागी गळ्यात नाव-पत्त्याची चकती असणंही कायद्यानं बंधनकारक आहे. प्राण्यांना एनएचएस नसतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून विमा घ्या.

आपल्या स्वयंपाकघरात धोके बरेच आहेत. मनुका, बेदाणे आणि द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिऱ्यातला, खिरीतला बेदाणाही याला अपवाद नाही. कांदा-लसणानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आमटी-रश्श्यात बुडवलेला पोळीचा तुकडा देऊ नका. शिजवलेली हाडं आणि चॉकलेट नको. साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉल तर फारच घातक. चुकून काही पोटात गेलं, तर उलटीची वाट न बघता लगेच व्हेटला फोन करा.

भारतातून आई-बाबा येणार असतील तर त्यांना हे सगळं विमानात बसण्याआधीच सांगा. गल्लीतल्या कुत्र्यांची भीती घेऊन आलेल्या माणसाला इथल्या कुत्र्यांमध्ये रेबीज नाही, एवढं कळलं तरी मोठा धीर येतो. देवघर किंवा स्वयंपाकघर कुत्र्यापासून दूर ठेवायचं असेल, तर दारात लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक बसवा. आजीचा मान राहतो आणि कुत्रा ती हद्द लवकर शिकतो. ‘ये’, ‘थांब’, ‘नको’ हे शब्द आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकसारखे वापरावेत.

दिवाळीची तयारी सप्टेंबरातच सुरू करा. इंग्लंडमध्ये एरवी रात्री अकरानंतर फटाक्यांना बंदी असते, पण दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत आणि 5 नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला मध्यरात्रीपर्यंत मुभा असते. म्हणजे भीतीचे दिवस दोन-तीन आठवडे पसरतात. फटाक्यांच्या ध्वनिफिती अगदी बारीक आवाजात लावून आधीपासून सवय करता येते. त्या दिवसांत अंधार पडायच्या आत फिरवून आणा, पडदे ओढा, टीव्ही चालू ठेवा आणि घरातलं एक माणूस त्याच्याजवळ राहू द्या. फारच घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी व्हेट औषध देतात. ते आधीच मागून ठेवा. आमच्यातल्या काही घरांनी आपल्या अंगणात फटाके लावणंच सोडलंय, आणि ते आम्हाला फार आवडतं.

भारतात चार-सहा आठवडे जायचं असेल, तर तिकिटं काढतानाच कुत्र्याची सोय ठरवा. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन कुत्रे सांभाळणाऱ्याकडे कौन्सिलचा परवाना लागतो, तो बघून घ्या. नाताळच्या सुट्टीतल्या जागा फार लवकर भरतात. त्या घरी किंवा केनेलात आधी एक-दोन रात्री ठेवून बघा आणि लसीकरणाची पुस्तिका तयार ठेवा. व्हिसा संपून कायमचं परतायची शक्यता असेल, तर अर्जाच्या वेळीच केंद्राला तसं सांगा. बहुतेक केंद्रं कुत्रा आपल्याकडेच परत द्यावा असं करारात लिहून घेतात. त्यामुळे काहीही अडलं तरी पहिला फोन त्यांनाच करायचा.