पवनीच्या परकोटात घर घेताना

जवाहर गेटमधून आत शिरलं की पवनीच्या जुन्या गावात आपलंही एक घर असावं, असं कोणालाही वाटेल. तिन्ही बाजूंनी परकोट आणि खंदक, चौथीकडे वैनगंगेचे घाट. मी इसार देण्याआधी साक्षीदारांसमोर दलालाला विचारलं होतं, "जुनं पाडून नवं बांधता येईल ना?" तो म्हणाला, "काही नाही होत भाऊ, जगन्नाथ टेकडी लय दूर हाय."

नकाशा मंजुरीला नेला, तर पहिलाच प्रश्न आला, "पुरातत्त्वची ना-हरकत कुठाय?" तसाच जागेवर गेलो. घराच्या मागच्या अंगाला तणसाचा ढीग होता आणि ढिगाआड संरक्षित स्मारकाचा निळा फलक. तणस हातानं बाजूला सारून वाचला. हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, पुढचे २०० मीटर नियंत्रित. दलालाला फोन केला. "तो बोर्ड का? तो तर जुनाच हाय," म्हणाला. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं! माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही.

कायदा मला मान्य आहे. १९६९-७० च्या उत्खननात इथल्या जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूप उजेडात आला. असं गाव जपायलाच हवं, आणि बंधनं पाळून तिथे राहताही येतं. मोरोक्कोतल्या फेज शहराची जुनी अरबी वस्ती १९८१ पासून जागतिक वारसा आहे आणि लोक तिथे आजही नांदतात. गल्लीत मोटार शिरत नाही, माल खेचरांवर जातो. पण घेणाऱ्याला अशी बंधनं आधी सांगायला नको?

तेव्हा, दलाल अंतर एखाद्या देवळाच्या पायरीपासून पावलांनी मोजून दाखवतील, ते मानू नका. अंतर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून धरतात. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम नाहीच. घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल तर दुरुस्तीची परवानगी मागता येते, म्हणून घराच्या वयाचा कागद आधी मागा. 'परवानगी न मिळाल्यास इसार परत' हे वाक्य इसारपत्रात लिहून घ्या. तोंडी शब्दाला कोणी विचारत नाही. आखीव पत्रिकेवरच्या सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, बहिणींच्यासुद्धा. समाईक भिंत कोणाची, हे शेजाऱ्याला विचारा. वकील गाठा. घाई करू नका.

माझा अर्धा इसार अजून घरमालकांकडेच आहे. आणि तेच घर ते आता नागपूरच्या एका कुटुंबाला दाखवताहेत, म्हणे.