दगडी लोंकर : तिची उत्पत्ति व बागायतदारास तिचा उपयोग

हरितगृहांत भाजीपाला व फुलें पिकविणाऱ्या बागायतदारांच्या कानांवर ‘रॉकवूल’ अथवा दगडी लोंकर हें नांव वारंवार पडतें. शीतगृहाच्या भिंतींत भरावयाच्या सामानांतही तेंच नांव आढळतें. दगडापासून लोंकर कशी निघते, तींत रोपें कशीं वाढतात, आणि तिच्यासाठीं पैसा खर्च करणें शहाणपणाचें होईल काय, असे प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. प्रस्तुत लेखांत प्रथम या पदार्थाच्या शोधाची हकीकत सांगून मग बागायतदाराच्या दृष्टीनें त्याचा विचार करावयाचा आहे. हकीकत आधीं सांगण्याचें कारण असें कीं, या धंद्यांत दगडाचा तंतू काढणें सोपें ठरलें, तो आवरणें मात्र अवघड गेलें. आणि ही लोंकर विकत घेऊन वापरणारालाही हाच अनुभव निराळ्या रीतीनें येतो.

निसर्गाचा कित्ता.— ज्यांनीं गुऱ्हाळ पाहिलें आहे त्यांस ठाऊक आहे कीं, पाक योग्य आंचेवर आला म्हणजे तो तार धरतो. त्याहून पातळ असतां त्याचे थेंब पडतात. फार घट्ट झाला तर तो ओघळतच नाहीं. वितळलेल्या दगडाची गोष्ट अशीच आहे. हवाई बेटांतील किलौएआ ज्वालामुखींतून उडणाऱ्या तप्त रसाचे थेंब हवेंत ताणले जाऊन त्यांचे केसांसारखे सोनेरी काचतंतू बनतात व वाऱ्याबरोबर दूरवर जाऊन पडतात. पेले ही तेथील लोकांची ज्वालामुखीची देवता. तिच्यावरून या तंतूंस ‘पेलेचे केस’ म्हणतात. दगड वितळविणें, त्याची धार वाहती ठेवणें, आणि जोराच्या झोतानें ती ताणून एकदम थंड करणें, या तीन क्रियांत या कलेचें सर्व रहस्य आहे. रस सावकाश निवाला तर त्याचे स्फटिक होऊन पुन्हां दगड बनतो; झटकन् निवाला तर काच होते. दगडी लोंकर ही वस्तुतः अशा काचेचीच लोंकर होय.

वेल्समधील पहिला प्रयत्न.— लोखंडाच्या खनिजांत माती व वाळूचा अंश असतो. तो वेगळा काढण्यासाठीं झोतभट्टींत चुनखडी घालतात. चुनखडी व हा अंश मिळून जो रस होतो, तो हलका असल्यामुळें वितळलेल्या लोखंडावर तरंगतो. यासच धातुमळी म्हणतात. साखर कारखान्यांतील मळीशीं तिचा संबंध नाहीं. पूर्वीं लोखंडाच्या कारखान्यांभोंवतीं या मळीचे डोंगर सांचत, व तिचें काय करावें हा मालकांपुढें मोठा प्रश्न असे.

इ. स. १८४० मध्यें वेल्समध्यें एडवर्ड पॅरी यानें या मळीपासून लोंकर काढली. तंतू निघाले, परंतु ते कोंडून ठेवण्याची कोणतीच तजवीज केलेली नव्हती. जरा वारा सुटला कीं लोंकर कारखानाभर उडे. कामकऱ्यांस तिचा इतका उपद्रव होऊं लागला कीं, अखेर तें काम सोडून द्यावें लागलें. युक्ति साधली, पण माणसाच्या श्वासाचा विचार राहून गेला, म्हणून ती व्यर्थ गेली. नवें यंत्र किंवा नवें द्रव्य शेतांत आणणाऱ्या प्रत्येकानें हें उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

जर्मनी व अमेरिका.— पुढें १८७० सालीं जॉन प्लेयर यानें अमेरिकेंत मळीची लोंकर करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें, आणि १८७१ सालीं जर्मनींत ओस्नाब्रूक शहराजवळील गेओर्ग्समारीएनह्यूट येथील लोखंडाच्या कारखान्यांत ती विक्रीसाठीं तयार होऊं लागली. पडणाऱ्या मळीच्या धारेवर जोराचा झोत सोडावयाचा, हीच ती कृति होय. वाफेचे नळ व बाष्पपात्रें यांची उष्णता राखण्यासाठीं ही लोंकर त्यांभोंवतीं गुंडाळीत. परंतु तींतही एक खोड निघाली. मळींत गंधकाचा अंश असतो. ओल लागली म्हणजे तो लोखंडी नळ खाऊं लागे.

१८९७ सालीं अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांत, अलेक्झांड्रिया या गांवीं, चार्ल्स कोरीडन हॉल या रसायनज्ञानें मळीऐवजीं तेथील चुनखडीचा दगडच वितळवून लोंकर काढली. मळी ही लोखंडाच्या कारखान्याचें उच्छिष्ट. तिची घटना त्या कारखान्याच्या सोयीप्रमाणें बदलणार. दगड मात्र निवडून, मिसळून, हवा तसा घेतां येतो. पुढें इतर देशांत याच कामीं बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, वापरूं लागले. डेन्मार्कांत १९३७ सालीं या धंद्यास आरंभ झाला.

आजची कृति.— उंच उभ्या भट्टींत कोक व दगड किंवा मळी यांचे थर आळीपाळीनें भरून खालून हवा सोडतात. कांहीं कारखान्यांत विजेच्या भट्ट्याही असतात. सुमारें १५०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत सर्व वितळतें. बेसाल्टांत सिलिका जवळजवळ निम्मी असल्यामुळें त्याचा रस चिकट असतो. तो योग्य पातळ व्हावा म्हणून चुनखडी किंवा डोलोमाइट घालतात. हा रस वेगानें फिरणाऱ्या पोलादी चाकांवर सोडतात. जत्रेंत साखरेचा कापूस करणारा फिरत्या भांड्यांतून साखरेचे तंतू उडवितो, तसाच हा प्रकार. या चाकांच्या रीतीस पॉवेल याचें नांव आहे. डाउनी याच्या नांवानें चालणाऱ्या दुसऱ्या रीतींत रस एका फिरत्या खोलगट तबकडीच्या कडेवरून बाहेर पडतो, व हवेचा किंवा वाफेचा झोत तो धरून ताणतो.

सर्वच रसाचा तंतू होत नाहीं. पुष्कळ भागाचे बारीक छर्रे बनतात. ते जितके कमी, तितका माल चांगला. तंतूंवर राळेसारखें चिकट द्रव्य फवारतात, ते बंद कोठडींत पट्ट्यावर जमवितात, आणि भट्टींतून नेऊन त्यांची गादी घट्ट करतात. धूळ उडूं नये म्हणून तेलही वापरतात. पॅरीच्या कारखान्यांत जें राहून गेलें होतें तें हेंच. तंतूची जाडी फार तर सात-आठ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारें दशांश असते.

शीतगृहाकरितां.— उष्णता अडविते ती लोंकर नव्हे, तर लोंकरींत अडकलेली निश्चल हवा. म्हणून ही गादी दाबून भरली किंवा ओली झाली तर तिचा गुण कमी होतो. बाहेरच्या उष्ण हवेंतील बाष्प भिंतींत शिरून थंड बाजूस पाणी बनतें. याकरितां बाष्प अडविणारा पडदा भिंतीच्या उष्ण बाजूस, म्हणजे आपल्या देशांत बाहेरच्या अंगास, सलग असावा. द्राक्षें किंवा बेदाणे ठेवण्यासाठीं शीतगृह बांधणारांनीं याची चौकशी अवश्य करावी. ही लोंकर पेट घेत नाहीं, हा तिचा मोठा गुण आहे.

रोपांकरितां.— १९६९ सालीं डेन्मार्कांत दगडी लोंकरींत रोपें वाढविण्याचे प्रयोग झाले, व नंतर हॉलंडमधील काचगृहांत टोमॅटो व काकडी यांसाठीं ती रीत फार फैलावली. तेथें एकाच जमिनींत तेंच पीक पुनः पुनः घेतल्यानें मुळांचे रोग व सूत्रकृमि वाढत, आणि वाफेनें माती निर्जंतुक करण्याचा खर्च भारी पडे. लोंकर भट्टींतून आलेली असल्यामुळें तींत ना रोग, ना तण. शिवाय तिच्या आकारमानाचा सुमारें ९५ टक्के भाग पोकळ असतो, त्यामुळें मुळांस पाणी व हवा दोन्ही मिळतात.

परंतु येथेंच खरी अडचण आहे. या लोंकरींत अन्नद्रव्य नाहीं, व दिलेलें अन्नद्रव्य धरून ठेवण्याची शक्तिही जवळजवळ नाहीं. मातींत खताची मात्रा थोडी चुकली तर माती ती चूक पोटांत घालते. लोंकर कांहींच पोटांत घालीत नाहीं. चूक तत्काळ मुळांपर्यंत पोंचते. कडक उन्हाच्या दिवशीं वीज जाऊन पंप कांहीं तास बंद राहिला तर पीक धोक्यांत येतें. म्हणून ही लोंकर घेण्यापूर्वीं पुढील गोष्टींचा विचार करावा :

१. माल खास रोपांकरितां केलेला असावा. भिंतींत भरण्याची लोंकर पाणी झटकणारी केलेली असते. ती स्वस्त म्हणून रोपांस वापरूं नये.

२. नव्या लोंकरीचा सामू किंचित् विम्ल असतो. ती सुमारें ५.५ सामूच्या पोषक द्रावणांत भिजवून घ्यावी.

३. विहिरीचें पाणी आधीं तपासून घ्यावें. आपल्याकडील बऱ्याच विहिरींच्या पाण्यांत क्षार व बायकार्बोनेट अधिक असतात. त्यांमुळें सामू चढतो.

४. क्षार सांचूं नयेत म्हणून दिलेल्या द्रावणाचा पांचवा हिस्सा किंवा त्याहून कांहीं अधिक बाहेर निघूं द्यावा लागतो. तो विहिरीकडे न जातां गोळा होऊन पुनः उपयोगांत यावा, अशी सोय करावी.

५. विजेची दुसरी सोय असल्याखेरीज या मार्गास लागूं नये.

६. वापरलेली लोंकर कुजत नाहीं. ती शेतांत मिसळूं नये. हॉलंडांत ती गोळा करून विटा करण्याच्या कामीं देतात. विकणारा ती परत नेणार काय, हें सौदा ठरतांनाच विचारावें.

आरोग्यासंबंधीं.— दगडी लोंकर म्हणजे ॲस्बेस्टॉस नव्हे. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनें १९८८ सालीं तिला ‘संशयित’ वर्गांत घातलें होतें; अधिक पुरावा पाहून २००१ च्या बैठकींत तिला त्या वर्गांतून काढून, कर्करोगकारक ठरवितां येत नाहीं अशा वर्गांत ठेवलें. फुप्फुसांत गेलेला तंतू लवकर विरघळावा म्हणून दगडाचें मिश्रण बदलण्याकडेही कारखानदारांनीं लक्ष दिलें आहे. तथापि तंतूंनीं कातडी, डोळे व घसा यांस खाज सुटते. कापण्यापूर्वीं गादी भिजवावी. मजुरांस तोंडावर मुखपट्टी व हातमोजे द्यावे. मालकानें हा खर्च वाचवूं नये.

उपसंहार.— सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर ज्या लाव्ह्याचे थर पसरले, त्यांचाच आपला काळा पाषाण झाला. तो पाषाण ऊन, पाऊस व काळ यांनीं झिजून काळी माती बनली. तोच पाषाण भट्टींत घालून कांहीं तासांत लोंकर करतां येते. माती अन्न धरून ठेवते व बागायतदाराच्या चुका सोसते. लोंकर स्वच्छ असते, पण रिती असते, आणि मातीचें सर्व काम ती धन्याच्या अंगावर टाकते. ज्यांची जमीन रोगानें बिघडलेली आहे, ज्यांस द्रावणाचें रोज मोजमाप ठेवण्याची संवय आहे व ज्यांस मालाचा भाव पक्का मिळतो, त्यांनीं थोड्या गाद्यांवर एक हंगाम अनुभव घेण्यास हरकत नाहीं. ज्यांस मातीविना लागवड करावयाची आहे, पण इतकी देखरेख साधणार नाहीं, त्यांस नारळाच्या काथ्याचा भुसा क्षार धुऊन वापरणें अधिक सोयीचें पडेल. तो अन्न कांहींसें धरून ठेवतो व अखेर शेतांत कुजून जातो. बाकीच्यांची काळी माती हीच त्यांची लोंकर. तिची निगा राखणें हाच त्यांचा लाभ.