टी-शर्ट छपाई : यंत्र कोणते घ्यावे?

प्रश्न : घरूनच टी-शर्ट आणि कॉफी मग छापून विकायचे आहेत. कोणती पद्धत निवडू? (एक वाचक भगिनी, उरण)

उत्तर : ताई, आधी गिऱ्हाईक पाहा. क्रिकेट संघांच्या जर्सी पॉलिएस्टरच्या. त्यांना आणि कोटिंगवाल्या मगांना सब्लिमेशन उत्तम. सुमारे २०० अंश सेल्सिअसला शाई धाग्यातच मुरते. सुती किंवा गडद कापडावर मात्र ती चालत नाही. हळदीचे, गोविंदा पथकांचे सुती टी-शर्ट एकाच डिझाइनचे शंभरभर असतील तर स्क्रीन प्रिंटिंगच परवडते. पाच-दहा नगांना डीटीएफ (फिल्मवर छापून, गोंदाची पावडर लावून हीट प्रेसने कापडावर उतरवणे) बरे. पण त्याचा प्रिंटर इतक्यात नकोच. दमट हवेत पावडर ओलावा धरते, आणि मशीन पडून राहिले की पांढरी शाई हेडमध्ये सुकते. फिल्म मुंबईहून छापून आणा. २०२४पासून उरणहून लोकल आहेच. घरी फक्त चांगला हीट प्रेस घ्या.