चॅनेल आईचं, पॅन माझं

आमचं चॅनेल चुलीवरच्या रेसिपींचं. आई रांधते, शूटिंग, एडिटिंग आणि हिशेब माझ्याकडे. इतक्या वर्षांत कर भरता भरता जे उमगलं ते असं:

१. चेहरा कुणाचाही असो, अ‍ॅडसेन्स खातं आणि पॅन ज्याचं, त्याच्याच नावे उत्पन्न धरलं जातं. म्हणून आईला मी रीतसर मानधन देतो. वाजवी रक्कम, बँकेतून, कागदावर करार. "पोटच्या पोराकडनं पगार घेऊ व्हय?" म्हणून ती आधी रुसली होती. पण त्यामुळे माझा खर्च खरा ठरतो आणि तिचं विवरणपत्र तिच्या नावानं भरलं जातं.

२. बँकेत जमा झालेला आकडा म्हणजे उत्पन्न नव्हे. न्यू जर्सीतली मराठी मंडळी आमचं थालीपीठ बघतात, त्या कमाईतून अमेरिकेचा कर आधीच कापला जातो. फॉर्म भरून भारताशी असलेल्या कराराचा लाभ घेतला, तर फक्त अमेरिकी प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के. फॉर्मच भरला नाही, तर जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे दाखवायची ती कापण्याआधीची पूर्ण रक्कम. कापलेल्या कराची वजावट वेगळा अर्ज करून मागायची.

३. फुकटचा फ्रीज फुकट नसतो. व्हिडिओ करून परत पाठवला तर प्रश्न नाही. ठेवून घेतला की त्याची किंमत उत्पन्नात. जुलै २०२२ पासून एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या, तर १० टक्के टीडीएस लागतो. फ्रीजचा दहावा भाग कापून ठेवता येत नाही, म्हणून कंपनी आधी कर भरल्याचा पुरावा मागते. वस्तू घरात, रोकड मात्र खिशातून! आता मी ठेवायचं की नाही ते पार्सल उघडण्याआधीच ठरवतो.

४. घरचा अख्खा किराणा चॅनेलच्या खर्चात टाकणारे लोक आहेत. शूटिंगचं सामान वेगळं आणावं, बिलही वेगळं घ्यावं. कॅमेऱ्याची किंमत एकदम वजा होत नाही, दरवर्षी घसारा मिळतो.

५. जीएसटीची २० लाखांची मर्यादा मोजताना परदेशातून आलेले जाहिरातीचे पैसेही धरायचे. ते निर्यातीत बसतात, अंडरटेकिंग दिलं की त्यांवर कर शून्य. पण म्हणून उलाढालीतून सुटत नाहीत.

६. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त होणार असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. फराळाच्या व्हिडिओंचे पैसे बहुतेकदा नोव्हेंबरअखेर येतात आणि डिसेंबरच्या हप्त्यापर्यंत ७५ टक्के भरून झालेले हवेत. आईला नेमका तेव्हाच नवा पाटा-वरवंटा हवा असतो. मी म्हणतो, "पंधरा तारीख जाऊ दे."