कापड मजबूत, पण पकड कोणाची?



जालना म्हटले की सळईचे कारखाने आठवतात. टीएमटी सळईवर तिरपे उंचवटे असतात. ते शोभेसाठी नसून काँक्रीटला धरण्यासाठी असतात. पकड सुटली की सळईची ताकद वाया जाते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते. ते सुटे झाले आणि घरे कोसळली.

आता जुन्या दुकान-गोदामांचे बीम व कॉलम मजबूत करण्यासाठी कार्बन किंवा काचतंतूचे कापड इपॉक्सीने चिकटवतात. ताणाला कार्बनचे तंतू सळईपेक्षा कित्येक पट मजबूत असतात. पण बीमला लावलेले कापड सहसा तुटत नाही, ते सुटते. सुटताना काँक्रीटचा पातळ पापुद्रा सोबत घेऊन येते. म्हणजे कमजोर कडी कापड नव्हे, काँक्रीटचा वरचा थर असतो.

शर्टाच्या कॉलरला बकरम चिकटवणारा कारागीर हे जाणतो. कापडावर धूळ किंवा खळ असली तर फुगे येतात. येथेही तसेच आहे.

म्हणून काम देताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. प्लास्टर व रंग काढून, काँक्रीट घासून, धूळ झाडून, पृष्ठभाग कोरडा केला आहे का? प्लास्टरवर चिकटवलेले कापड फक्त प्लास्टरला धरते.

२. आतली सळई गंजली असेल तर आधी तिची दुरुस्ती करावी. गंज फुगला की कापडासह काँक्रीट ढकलतो.

३. कॉलमचे कोपरे गोल केले आहेत का? धारदार कोपऱ्यावर तंतू तुटतात.

४. चिकटवून ओढण्याची चाचणी मागावी. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४ किलोचा ताण पृष्ठभागाने सोसावा, असा अमेरिकन मार्गदर्शक नियम आहे.

५. थर दुप्पट केले म्हणून ताकद दुप्पट होत नाही. पट्टी लांबवूनही ठराविक मर्यादेपुढे पकड वाढत नाही. टोके आडव्या पट्ट्यांनी बांधावी लागतात.

६. इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते. आगीचा धोका असलेल्या गोदामात त्याचा वेगळा विचार करावा.

कॉलमला चहूबाजूंनी गुंडाळलेले कापड मात्र पट्ट्यासारखे आवळून काम करते. तेथे चिकटण्यापेक्षा घट्ट बसणे महत्त्वाचे असते.

कापडाचा भाव विचारण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून इमारत तपासून घ्यावी. छताखाली आपला माल असतो, आणि माणसेही.