शेवटची सही कोणाची?

डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, पण त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला, कार्पेंटरबाईंच्या कौटुंबिक दफनभूमीत आहेत. आपल्याकडे उलटा प्रश्न असतो: माणूस इथे, सही करणारे तिकडे.

दोन वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधला आमचा एक अविवाहित मित्र अचानक गेला. आम्ही दहाजण फ्युनरल होममध्ये उभे, पण दहनाच्या कागदावर सही करण्याचा अधिकार एकालाही नाही. जोडीदार, सज्ञान मुले, मग आईवडील असा इथला कायदेशीर क्रम. वडील सांगलीत. कागद येईपर्यंत सहा दिवस गेले. रोज बॅकअप घेणाऱ्या आम्हा संगणकवाल्यांना हे सुचलेच नव्हते!

मग मी नियम वाचले. न्यूयॉर्कमध्ये २००६ पासून एका साध्या फॉर्मवर आपल्या अंत्यविधीचा निर्णय घेणारी व्यक्ती नेमता येते. आपली व तिची सही आणि दोन सज्ञान साक्षीदार पुरतात. ती व्यक्ती मग जोडीदाराच्याही आधी येते. दहन की दफन, अस्थी कुठे, हेही त्यात लिहिता येते. इतर राज्यांत पद्धत वेगळी. टेक्सासमध्ये नोटरी लागतो. कॅलिफोर्नियात सूचना स्पष्ट लिहून खर्चाची सोय केली असेल, तर नातेवाइकांना त्या बदलता येत नाहीत.

निव्वळ मृत्युपत्रावर विसंबू नका. ते बहुधा सगळे आटोपल्यावर उघडले जाते. आर्थिक व्यवहारांची पॉवर ऑफ ॲटर्नी तर मृत्यूबरोबरच संपते.

पैशांचे म्हणाल, तर १९८४ च्या केंद्रीय नियमानुसार फ्युनरल होमला फोनवरही दर सांगावे लागतात, आणि थेट दहनासाठी महागडी शवपेटी घ्यायची सक्ती करता येत नाही. आगाऊ पैसे भरायचे असल्यास न्यूयॉर्कमध्ये ती पूर्ण रक्कम ट्रस्टमध्ये ठेवावी लागते. पावती मागून घ्या. अस्थी विमानाने न्यायच्या तर कलश लाकडी वा प्लॅस्टिकचा बरा. धातूच्या कलशातून एक्स-रे आरपार जात नाही आणि तपासनीस तो उघडत नाहीत.

मागच्या रविवारी मी माझा फॉर्म भरला. साक्षीला शेजारचे काका-काकू. अस्थींच्या ओळीत मी नाशिक लिहिणार होतो. बायको म्हणाली, "मुलं इथे आहेत, त्यांना विचारलंस का?" ती ओळ अजून कोरी आहे.